गाणं ड्रायव्हरचं, बिल कंपनीचं

कंपनीच्या कामासाठी फिरणाऱ्या माणसाला स्वतःचं गाणं नसतं. तिकीट ट्रॅव्हल डेस्क काढतं, हॉटेल अकाउंट्सवाले ठरवतात, जेवण ज्याच्या दारात गेलो तो ठरवतो, आणि गाणं ज्याच्या बोटाजवळ बटण असेल त्याचं. मी साखर कारखान्यांना पंप विकतो. रसाचे, मळीचे, इंजेक्शन वॉटरचे. या धंद्यात केस पांढरे होईपर्यंत माझे कान तयार केले ते ड्रायव्हरांनी, रिसेप्शनिस्टांनी, ऊस वाहणाऱ्यांनी आणि विमानात शेजारी रील बघत बसलेल्या अनोळखी तरुणांनी. घरी मुलगी कधी विचारते, "बाबा, तुमच्यासाठी काय लावू?" मी म्हणतो, "तुझं चालू दे." सवयच तशी लागली आहे.

पुण्याहून कोल्हापूरकडे निघताना आमचे जनरल मॅनेजर गाडीत असतील तर गीतरामायण. यावर अपील नाही. गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी चाली लावल्या आणि 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर ऐकवलं. एकूण 56 गाणी. ज्या गोष्टीसाठी महाराष्ट्राने वर्षभर दम धरला ती आमचे साहेब एका टाकीच्या डिझेलमध्ये संपवायला बघतात. माझा आक्षेप गीतरामायणाला नाही, तेवढी माझी प्राज्ञाही नाही. अडचण अंतराची आहे. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दशरथाला अजून मूल व्हायचं असतं. खंबाटकीचा घाट चढता चढता विश्वामित्र येतात. साताऱ्याच्या पुढे वनवास, कराडच्या आसपास सीतेला हरीण दिसतं, आणि कोल्हापूर आलं तरी रावण धडधाकट. युद्ध परतीच्या प्रवासात. एकदा काम लवकर आटोपलं आणि साहेब कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने परस्पर मुंबईला गेले. त्या दौऱ्यात आमच्या गाडीत लंका पडलीच नाही.

साहेब उतरले की मामा डॅशबोर्डच्या कप्प्यातून पेन ड्राइव्ह काढतात. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. वयाने वडील, म्हणून साऱ्या कंपनीचे मामा. पेन ड्राइव्हचं टोपण कधीच हरवलंय, त्याच्या तोंडाला औषधाच्या बाटलीचं रबरी बूच बसवलेलं असतं. आत हजारभर गाणी आणि त्यांचा दिनक्रम पक्का. पहाटे प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, पहिला टोल ओलांडला की नव्वदीतली हिंदी, जेवणानंतर डीजे. जेवणानंतरच्या डीजेला कारण आहे. "साहेब, पिठलं-भाकरी खाऊन लताबाई लावल्या तर गाडी डिव्हायडरवर जाईल," असं मामांचं मत. लताबाईंच्या आवाजाबद्दल इतका नेमका अभिप्राय मी कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेला नाही.

नव्वदीतल्या हिंदीत मामांचा देव कुमार सानू. 'आशिकी' 1990 साली आला आणि 1991 ते 1995 अशी सलग पाच वर्षं गायकाचं फिल्मफेअर या एकाच माणसाने घरी नेलं. जाणकारांनी नाकं मुरडली, आणि या यशाची कारणं नदीम-श्रवणच्या चालींत नाहीतर गुलशन कुमारच्या स्वस्त कॅसेटींत शोधली. मला कारण महामार्गावर दिसतं. सानूचं गाणं ताशी 80 किलोमीटरला बरोब्बर बसतं. ठेका तोच, ढोलक तोच, दुःख बेताचं. अंतऱ्यात काय येणार हे ड्रायव्हरला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचं लक्ष रस्त्यावर राहतं. किशोरकुमार मध्येच काहीतरी गंमत करतो, आणि गंमत झाली की मामा माझ्याकडे वळून हसतात. समोर गॅसचा टँकर असताना हे परवडत नाही. रफीसाहेब वरच्या पट्टीत गेले की मामांचा पाय एक्सिलरेटरवर आपोआप जड होतो. सानूवर आजवर आम्हाला एकही स्पीडचं चलन आलेलं नाही. हा निकष संगीतात कुणी लावत नाही, पण लावायला हरकत नसावी.

खरी कसोटी हायवे सोडून कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा-शिरोळकडचे रस्ते ट्रॅक्टरांच्या मालकीचे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस दीड हात बाहेर आलेला, मागच्या ट्रॉलीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' आणि पुढे मडगार्डवर बसवलेले, लग्नाच्या वरातीला पुरतील एवढे स्पीकर. पोलीस दर हंगामात बजावतात की टेप मोठ्याने लावू नका, मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. तो खरोखरच ऐकू येत नाही. मामा आधी हॉर्न वाजवून बघतात, मग दिवे मारतात, आणि शेवटी चालू गाण्याच्या ठेक्यातच हॉर्न वाजवायला लागतात. मग पुढच्याला वाटतं, आपल्या गाण्यात हे नवीन काय वाजलं? तो मागे वळून बघतो, हात करतो आणि बाजू देतो. एमबीएच्या पुस्तकांत ग्राहकाच्या भाषेत बोला म्हणून पानंच्या पानं लिहिलेली असतात. मामांनी ते पुस्तक उघडलेलं नाही.

एकदा रात्री कारखान्याच्या यार्डात चीफ इंजिनिअरची वाट बघत बराच वेळ थांबावं लागलं. मिल हाऊसमधला पंप आमच्याच कंपनीचा आणि तो रुसलेला, त्यामुळे ऑफिसात बसायला कुणी बोलावलं नाही. बाहेर वजनकाट्यासाठी ट्रॅक्टरांची रांग लागलेली. मळीचा आंबूस वास, चिपाडाचा उडणारा भुसा, आणि प्रत्येक ट्रॅक्टरचं गाणं वेगळं. एकीकडे आनंद शिंदे, त्याला लागून भीमगीतं, पलीकडे हळदीची गाणी, आणि काट्याच्या अगदी जवळ 'सैराट'. 2016 साली या सिनेमासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले आणि तिथे सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले. ती सगळी व्हायोलिनं तिथून निघून शिरोळ तालुक्यातल्या एका फाटक्या कोनाच्या स्पीकरमध्ये येऊन पोचली होती. स्पीकर तारेने बांधलेला, मोबाइल टूलबॉक्समध्ये, वर कापडाने झाकलेला. मला विचाराल तर व्हायोलिनांचं काही बिघडलं नव्हतं. उलट त्या पंपाच्या खडखडाटावरूनही ती ऐकू येत होती, आणि त्या पंपावरून माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

त्या ट्रॅक्टरवरच्या पोराला मी विचारलं, "अरे, इथं उभाच आहेस, मग एवढ्या मोठ्याने कशाला?"

"बंद केलं की झोप लागती, सायेब. झोप लागली की नंबर जातोय."

इतकं साधं. आमच्या वर्गातले लोक तीस हजारांचे हेडफोन घेतात ते आवाज बंद करायला, आणि कारण विचारलं तर प्रॉडक्टिव्हिटी सांगतात.

आमचा वर्ग म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. हॉटेलच्या खोलीत शिरल्याबरोबर जो दारामागच्या खाचेत किल्लीच्या कार्डाऐवजी स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड खोचतो, तो आमच्यातला. म्हणजे आपण खाली जेवायला गेलो तरी खोलीतला एसी चालू राहतो. माझी व्हिजिटिंग कार्डं गिऱ्हाइकांपेक्षा या खाचांनीच जास्त बघितली असतील. नंतर मोजे धुऊन एसीच्या झोताखाली टांगायचे, साबणाच्या वड्या आणि दाढीचं किट बॅगेत टाकायचं (वापरायचं नाही, टाकायचं), आणि रिसेप्शनला फोन करून बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर बरोबर आहे ना ते विचारायचं. आमचे नाशिकचे एक सहकारी खोलीतल्या किटलीत अंडी उकडतात. मी त्यांना कधी टोकलं नाही, पण तेव्हापासून हॉटेलात चहा खाली जाऊन पितो. सकाळी बुफेवर इडली, ऑम्लेट, पुरी-भाजी, वर कलिंगड आणि पुन्हा इडली असा मार्ग आक्रमायचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा भत्ता शिल्लक राहतो. दोन केळी खिशात गेली तर तो प्रवासखर्च.

आणि हे सगळं चालू असताना सॅक्सोफोन. गाव नांदेड असो, रायपूर असो, कोइमतूर असो, लॉबीत 'केअरलेस व्हिस्पर' असतंच. जॉर्ज मायकेलचं 1984 सालचं गाणं. त्यातला तो सॅक्सोफोनचा तुकडा मनासारखा मिळेपर्यंत म्हणे एकामागून एक वादक बदलले आणि अखेर तो स्टीव्ह ग्रेगरीने वाजवला. एवढ्या खटपटीचं फळ असं की आज तो तुकडा माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स निघत असताना वाजतो. गाणं मुळात जोडीदाराला फसवून बसलेल्या माणसाच्या पश्चात्तापाचं. रिसेप्शनवर समोर विचारणा चालू असते: "सर, सिंगल ऑक्युपन्सी ना?"

हा उद्योग सुरू केला अमेरिकेने. 1934 साली जॉर्ज स्क्वायर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 'म्यूझॅक' नावाची कंपनी काढली. तारेवरून हॉटेलांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत गाणी पोचवायची. पुढे त्या कंपनीने त्याचं शास्त्रही बनवलं. पंधरा मिनिटं हळूहळू चढत जाणारी गाणी, नंतर पंधरा मिनिटं शांतता, म्हणजे कामगाराचा वेग पडत नाही. आपल्या हॉटेलवाल्यांनी यातला चढ घेतला नाही आणि शांतता तर मुळीच घेतली नाही. नाश्त्याला मात्र बदल म्हणून बासरी असते. 'टायटॅनिक'ची. हजाराहून जास्त माणसं बुडाली त्या जहाजाच्या सिनेमातलं गाणं मी लिफ्टमध्ये ऐकलंय, डोशाच्या रांगेत ऐकलंय, आणि एकदा तर विमान उडण्याआधी, पट्टे बांधा म्हणायच्या जरा आधी ऐकलंय. निवडणाऱ्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नसावा.

विमानतळांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ब्रायन ईनो नावाच्या इंग्रज संगीतकाराने 1978 साली 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' म्हणून एक अख्खा अल्बम केला. विमानतळावर माणसाला धीर यावा, असा उद्देश. आपल्याकडे बरेच विमानतळ आता 'सायलेंट' झालेत, घोषणा होत नाहीत, त्यामुळे त्या शांततेत शेजारच्याच्या फोनवरचं रील अधिक स्पष्ट ऐकू येतं. पंधरा सेकंदांचा मुखडा, पुन्हा तोच मुखडा, अंतरा कधीच नाही. आजच्या तरुण पिढीला गाण्यांना अंतरे असतात हे माहीत असेल का, अशी शंका मला लाउंजच्या रांगेत येते. रांग मोठी असते. क्रेडिट कार्डावर 2 रुपये स्वाइप करून आत राजमा-चावल मिळतो म्हटल्यावर लाखांत पगार घेणारी माणसं अर्धा तास उभी राहतात, मीही राहतो. विमान टेकल्यावर चाकं थांबायच्या आत उठून, वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून "हां, लँड झालो" असा फोन करणारे हेच लोक. दार उघडायला आणखी दहा मिनिटं लागतात. मान तशीच.

परदेशात एकदाच असं झालं की गाण्याने मला काही उपयोगी माहिती दिली. ग्वांगझूला कँटन फेअर भरतो, 1957 पासून, वर्षातून दोनदा. सुटे भाग, सील, बेअरिंग बघायला आमच्यासारखे जगभरातून जातात. संध्याकाळी आम्ही चौघे एका मोठ्या बाजारात बॅगांची घासाघीस करत होतो. सांगलीचे एक डीलर सोबत होते. कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचा, विकणारीने तो पुसून दुसरा दाखवायचा, असं चाललेलं. एवढ्यात वरून केनी जीचा सॅक्सोफोन सुरू झाला. मी मनात म्हटलं, आला, इथंही आला. पण विकणारी बाई एकदम घाईला आली, कॅल्क्युलेटर मिटला, शटर अर्धं खाली. 'गोइंग होम' नावाची ती धून 1989ची. चीनमध्ये कुणास ठाऊक कशी, पण ती वाजली म्हणजे दुकान, मॉल, शाळा, सगळं बंद करून घरी जायचं असा दंडक पडलेला आहे, आणि तो कुणी मोडत नाही. डीलरसाहेब जागचे हलेनात. "बंद करायची ही पद्धत झाली? आमच्याकडं लाइट घालवत्यात," असं म्हणून त्यांनी आणखी एक आकडा दाखवला. बाईने मान डोलावली आणि बॅग दिली. घरी जायचं असलेला माणूस भाव पाडतो, हे मात्र मी तिथून शिकून आलो. त्यानंतर गिऱ्हाइकाशी दराचं बोलणं मी शुक्रवारी संध्याकाळी ठेवतो.

आता गोवा. पंपवाले असोत, खतवाले असोत की औषधवाले, डीलर मीट गोव्यातच होते. दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर आमची झाली. सांगली-कोल्हापूरचे डीलर, कोइमतूरचे, आणि उत्तर प्रदेशातल्या ऊसपट्ट्यातले मुजफ्फरनगरचे. आधी चेअरमनचं भाषण, मग स्लाइड, मग चांदीची नाणी. एका कोपऱ्यात बँड थांबलेला. कीबोर्डवर एक पोरगी, गिटारवर एक तरुण आणि खुर्चीत बसलेले, पांढरा शर्ट इस्त्रीचा, मांडीवर ट्रम्पेट ठेवलेले एक आजोबा.

भाषणं संपली आणि आमच्या साहेबांनी फर्माइश केली: 'हॉटेल कॅलिफोर्निया'. गीतरामायणाबाहेर साहेबांना माहीत असलेलं हे एकच गाणं. ईगल्सच्या 1976च्या अल्बममधलं. त्यातला पाहुणा एका हॉटेलात उतरतो आणि त्याची तिथून सुटका होत नाही. हॉटेलवाले तेच गाणं वर्षानुवर्षं आपल्या पाहुण्यांना हौसेने ऐकवतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. गिटारवाल्याने शेवटचा तो लांबलचक तुकडा सुरेख वाजवला. मुजफ्फरनगरच्या डीलरांनी मला हळूच विचारलं, "भाईसाहब, ये कौनसे होटल की बात है? अगली मीटिंग वहाँ है क्या?" साहेबांनी मला खूण केली, मी पाचशेची नोट काढून बँडपुढच्या बशीत ठेवली.

मंडळी जेवणाकडे वळली तसा मी आजोबांशी बोलत बसलो. त्यांचे काका मुंबईला रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे. गोव्याच्या या वादकांचं ऋण हिंदी गाण्यावर केवढं आहे! नोटेशन लिहिणारे, वाद्यमेळ बांधणारे तेच. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्व्हिसांनी तर लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि शिष्याने 1977च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव थेट अमिताभच्या तोंडी घातलं. मामांच्या पेन ड्राइव्हमधल्या जुन्या फोल्डरात अशा किती जणांची कामं पडून असतील, नाव एकाचंही नाही. मी आजोबांना विचारलं, "तुमका स्वतःक कितें वाजोवंक आवडटा?" माझी कोंकणी एवढीच. ते हसले आणि त्यांनी ख्रिस पेरीची चाल धरली. लॉर्नाने गायलेलं गाणं. पोरगी ते गायली. बुफेमागचे दोघे-तिघे वेटर डाव हातात घेऊन बाहेर आले आणि गायला लागले. पनीर लबाबदार तेवढ्यात खाली लागला. त्यावरून नंतर साहेबांनी रिसॉर्टच्या मॅनेजरला झापलं.

साडेनऊला बँडची वेळ संपली आणि डीजे आला. पुढचं सांगायला नको. 'झिंगाट'चा एक शब्दही न कळणारे कोइमतूरचे डीलर पावलं मात्र अचूक टाकत होते, आणि 'वाथी कमिंग' लागलं तेव्हा सांगलीकरांनी तमिळनाडूला मागे टाकलं. चेअरमनसाहेबांनी कोट काढून नाचत नाचत दोन टक्के जादा डिस्काउंट जाहीर केला. सोमवारी तो कुणालाच आठवेना, डीलर सोडून.

पुण्याला परत आल्यावर मी खर्चाचं व्हाउचर भरलं. टॅक्सी, पाणी, झेरॉक्स, आणि शेवटच्या ओळीत: 'हॉटेल कॅलिफोर्निया, रु. 500'. दोन-तीन दिवसांनी अकाउंट्सचा मेल आला. "सदर हॉटेलचे जीएसटी बिल जोडलेले नाही. तसेच त्या रात्री आपले बुकिंग दुसरीकडे असताना या हॉटेलात कोणाच्या परवानगीने राहिलात, याचा खुलासा करावा." मी तो साहेबांकडे पाठवला. गाणं त्यांचं होतं, खुलासा त्यांनीच करावा म्हणून. संध्याकाळपर्यंत त्यांचं उत्तर आलं, अकाउंट्सला प्रत देऊन:

"मंजूर. पुढच्या वेळी तिथे कंपनी रेट मिळतो का, ते आधी बघावे."